अंतराळातला मुराळी

लाईट गेली तेव्हा तो माणूस जेवायला दोन ताटं मांडत होता. टीव्हीतला माणूस. पृथ्वीपासून किती लांब ते देवालाच ठाऊक, अशा एका गोल खोलीत तो एकटा राहत होता. त्याने समोरच्या रिकाम्या खुर्चीपुढे दुसरं ताट ठेवलं, चमचा सरळ केला आणि बोलायला तोंड उघडलं. तेवढ्यात पंखा थांबला, पडदा काळा झाला आणि आख्ख्या चाळीतून "गेली, गेली" असा आवाज उठला. मी पिठाच्या हातांनी टीव्हीसमोर तशीच उभी. असा संताप आला की परात उचलून आपटावी. पण आपटणार कोणावर? लाईटवर?

नव्वदच्या दशकातली पहिली वर्षं असतील. माझ्या लग्नाला वर्ष होऊन गेलं होतं. नवरा धाटावच्या बाजूला एका कंपनीत ऑपरेटर, आणि आम्ही दोघंच रोह्यात एका चाळीत भाड्याच्या खोलीत राहायचो. सासूसासरे आत गावाकडे, भातशेती सांभाळून. ती मालिका परदेशी होती, हिंदीत डब केलेली. रविवारी संध्याकाळी लागायची आणि दर वेळी वेगळी गोष्ट असायची. कधी यंत्रमानव, कधी दुसऱ्या ग्रहावरची माणसं. एरवी मी ती एका डोळ्याने बघायचे आणि दुसरा डोळा तव्यावर. त्या रविवारी मात्र भाकरी करपली तरी मला कळलं नाही.

गोष्ट अशी होती. अंतराळात एक ठाणं आहे. तिथे एका माणसाला कामाला ठेवलंय. येणाऱ्याजाणाऱ्या यानांसाठी एक दिवा चालू ठेवायचा, एवढंच त्याचं काम. त्याची मुदत संपलीय, त्याला घ्यायला यान यायचंय, आणि ते येत नाही. तो पृथ्वीवर निरोप पाठवतो. उत्तर यायला इतका वेळ लागतो की ते येईपर्यंत आपण काय विचारलं होतं तेच तो विसरलेला असतो. आणि उत्तर तरी काय, तर दर वेळी एका बाईचा गोड आवाज: प्रतीक्षा कीजिए. मग तो खोलीत गोल गोल फिरतो. खिडकीची काच पुसतो. पुसून झाली की परत पुसतो.

मला त्यातलं विज्ञान कळलं नाही, पण काच परत का पुसली ते बरोबर कळलं. मीही पुसायचे. आमच्या खोलीला एकच खिडकी, आणि तिची काच इतकी लख्ख की शेजारच्या काकू म्हणायच्या, "तुझ्याकडून शिकावं गं." काय शिकावं, डोंबल. सकाळची भांडी, कपडे, स्वयंपाक आटोपला की समोर दुपार उभी राहायची. नवरा नाईट करून आलेला असला की घरात घोरत पडलेला, म्हणजे भांड्याचा आवाज करायचीही चोरी.

मी हमरापूरची. आमच्या घरी गणपतीचा कारखाना. कारखाना म्हणजे पुढची पडवी आणि तिला जोडलेली पत्र्याची शेड, मागे चूल. वर्षभर माणसांचा राबता. कोणी साच्यातून मूर्ती काढतोय, कोणी घासतोय, कोणी रंगाचा हात मारतोय, रेडिओ चालू, आणि सगळे एकाच वेळी बोलतायत. माझं काम आखणी, म्हणजे मूर्तीचे डोळे काढायचे. ते बाबांनी मला शिकवलं होतं, भावाला नाही, कारण दादाचा हात जड. अशा घरातून मला उचलून ज्या खोलीत नेऊन ठेवलं, तिथे दिवसाकाठी तोंडातून चार शब्द निघाले तरी पुष्कळ.

त्यात जो भेटेल तो विचारणार, "करमतं का?" नळावर काकू विचारायच्या, दुकानदार विचारायचा, सासूबाई आल्या की त्याही विचारायच्या. नव्या सुनेला हा प्रश्न विचारायचाच असतो, आणि तिने "करमतं" एवढंच म्हणायचं असतं. चुकून करमत नाही म्हणालात तर संपलं. म्हणजे सासर वाईट, नवरा वाईट, पोरीचं काहीतरी बिनसलंय. मी "करमतं हो" म्हणायचे, खोलीत यायचे, आणि त्या माणसासारखीच फेऱ्या मारायचे. पलंग, स्टोव्ह, खिडकी, दार. दार, खिडकी, स्टोव्ह, पलंग. जीव कसा तो थाऱ्यावर राहायचा नाही. आणि रागही यायचा, स्वतःचाच. खायलाप्यायला आहे, नवरा मारत नाही, दारू पीत नाही, मग तुला झालंय तरी काय?

तर लाईट आली तेव्हा पडद्यावर साबणाची जाहिरात चालली होती. भाग संपलेला. नवरा पलंगावर भिंतीकडे तोंड करून आडवा. मला वाटलं, लाईट जाईपर्यंत तोही बघत होता.

"पुढे काय झालं असेल हो?"

"कोणाचं?"

"त्या माणसाचं. तो वर अडकलेला."

तो कुशीवर वळला. "काय व्हायचं? रिलीव्हर नाय आला त्याचा. डबल करायला लागली असंल."

कंपनीत काम करणाऱ्याच्या घरात रिलीव्हर हा शब्द मीठ-मिरचीसारखा असतो. शिफ्ट संपली म्हणून ऑपरेटरला उठून चालायला येत नाही. पुढच्या शिफ्टचा माणूस, म्हणजे रिलीव्हर, समोर येऊन उभा राहिला, सगळं त्याच्या ताब्यात दिलं, की मग सुटका. रिलीव्हर आला नाही तर तिथेच बसायचं आणि दुसरी शिफ्ट ओढायची. कितीतरी वेळा मी जेवण झाकून दारात उभी राहायचे आणि कोणीतरी सायकलवरून सांगत जायचा, "वहिनी, आज डबल हाय त्याची."

"रिलीव्हर कसला आलाय?" मी म्हणाले. "त्याला न्यायला कोणी आलं नाही. मुराळीच आला नाही बिचाऱ्याचा."

हे मी बोलून गेले आणि खोलीत गप्पगार झालं. कारण मुराळी हा शब्द आमच्या घरात कोणी काढायचा नाही, असं न ठरवता ठरलेलं होतं.

सासुरवाशिणीला माहेरी न्यायला जो येतो तो मुराळी. बहुतेक भाऊच. तो आला, त्याचं चहापाणी झालं, की मुलीने पिशवी भरायची. तो न येता आपली आपण उठून गेली तर लोक म्हणणार, भांडून आली. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला दादा मला असाच न्यायला आला होता. मग दिवाळसणाला माझा नवरा एकटा मागाहून येणार होता. दादा गाडीच्या वेळेला हमरापूर स्टेशनवर जाऊन उभा राहिला. गाडी आली, गेली, जावई उतरले नाहीत. दादा परत येऊन कामाला लागला. आणि बऱ्याच वेळाने हा चालत दारात हजर, नव्या शर्टाची पाठ घामाने भिजलेली, बुटांवर धूळ.

"स्टेशनवर कोणी नव्हतं," हा म्हणाला.

"मी होतो," दादा म्हणाला. "तुम्ही नव्हता."

झालं. हा म्हणजे खोटं बोलतोय, की तो? जेवणं कशीबशी उरकली. करंज्या तशाच ताटात. दोघंही हट्टाला पेटलेले. दादा आईला म्हणाला, आता ते बोलावतील तेव्हाच जाईन. हा मला म्हणाला, मुराळी येईल तेव्हाच पाठवीन. आणि मी मधल्या मध्ये. मार्गशीर्ष गेला, होळी गेली, वटपौर्णिमा गेली. रोह्याहून नागोठणं, कासू, पेण आणि मग हमरापूर, एवढाच गाडीचा रस्ता. कोणी म्हणालं असतं तर मी रुळावरून चालत गेले असते. पण कोणी म्हणायला तर पाहिजे.

आता श्रावण लागला होता. श्रावणात कारखान्यात श्वास घ्यायला फुरसत नसते. त्यातच आमच्या गावचा एक माणूस रोह्याच्या बाजारात भेटला आणि सहज सांगून गेला, "तुझ्या बापाचा हात थरथरतो गो आता. डोळं पुसतो नि परत काढतो." तो भाजी घेऊन निघून गेला आणि मी तिथेच उभी. एक डोळा पुसून परत काढायचा म्हणजे खालचा रंगही जातो, सगळा चेहरा परत करावा लागतो. गणपती तोंडावर आलेले. बाबांनी आयुष्यात कधी डोळा पुसलेला नव्हता. मला जायचं होतं. बाकी काही नको होतं मला जगात. हमरापूरला जायचं, बाबांच्या हातातला ब्रश घ्यायचा आणि त्यांना म्हणायचं, तुम्ही बसा.

पण नवऱ्याला हे सांगितलं नाही. सांगितलं की ते मागणं झालं असतं, आणि मागायचं नाही हा माझाही हट्ट होता. नाकावर राग घेऊनच जन्माला आलेय मी. त्याऐवजी मी त्या अंतराळातल्या माणसाच्या मागे लागले. पुढे काय झालं असेल? आला असेल का कोणी? ताट कोणासाठी मांडलं होतं? कपडे पिळताना तेच, भात वैरताना तेच. काकूंना विचारलं. त्या टीव्ही बघायच्या पण त्यांची लाईटही गेलेली. मी सगळी गोष्ट सांगितली तर म्हणाल्या, "अगो, पण त्याच्या घरच्यांनी सोडला कसा त्याला? लग्न झालेलं का त्याचं?" म्हटलं, काकू, ते नाही दाखवलं. "मग झालेलं नसणार," त्या म्हणाल्या, आणि त्यांच्यापुरता विषय मिटला.

माझा मिटेना. नवरा पहिल्या शिफ्टला गेला की मी दारात. परत आत. परत दारात. गल्लीच्या तोंडाशी कोणी पिशवी घेतलेला माणूस दिसला की पुढे होऊन बघायचे, दादा तर नाही? तो दादा नसायचा. मग त्या अनोळखी माणसाचाच राग यायचा. नवरा संध्याकाळी आला की मी विचारायचे, "कोणाला कळलं का हो त्या भागात पुढे काय झालं? कंपनीत विचारा ना कोणाला." पहिल्यांदा तो हसला. दुसऱ्यांदा "बघतो" म्हणाला. नंतर माझ्या तोंडाकडे नुसता बघत राहिला.

एके दिवशी कामावरून आला, सायकल लावली, हातपाय धुतले आणि चहाचा कप हातात घेऊन म्हणाला, "ते तुझं टीव्हीतलं. कळलं पुढचं."

मी स्टोव्ह बंद करून समोरच बसले. "कोणी सांगितलं?"

"कॅन्टीनमधे एकाने. त्याच्या इथं लाईट नव्हती गेली."

"मग? आलं का कोणी?"

"आला." त्याने चहा बशीत ओतला. "एक माणूस आला. पण जो यायचा होता तो नाय. ज्याची ड्युटी होती तो आजारी पडलेला, आणि वरच्या साहेबांनी दुसऱ्या कोणाला सांगितलंच नाय. हा आपला आपण आला. कोणी न सांगता. येऊन म्हणाला, तू जा घरी, मी बसतो."

"आणि ते ताट?"

त्याने बशीवर फुंकर मारली. "ते येणाऱ्यासाठीच मांडलेलं. त्याला म्हायती होतं, कोणतरी येईल."

मला इतकं बरं वाटलं, काय सांगू. कोण कुठला गोरा माणूस, खोटा खोटा, पण सुटला. मी पदराने डोळे पुसले. नवऱ्याने बशी खाली ठेवली आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "तुझा भाऊ काय यायचा नाय. पिशवी भर. उद्या नाईट संपवून येतो, मग मीच सोडतो तुला हमरापूरला."

नवरा बायकोला माहेरी सोडायला जातो, यात आता कोणाला काही वाटणार नाही. पण दिवाळीपासून जो माणूस "मुराळी येईल तेव्हा" म्हणत ताठ बसला होता, तो स्वतःच मुराळी व्हायला निघाला होता. बोलले असते तर रडले असते. पिशवी मात्र त्याचा चहा संपायच्या आत भरून झाली होती.

दुसऱ्या दिवशी गाडीत बसायला जागा होती. रात्रभर जागलेला माणूस, डोळे लाल. म्हटलं, बसा, डुलकी काढा, मी उठवते. "नको," म्हणाला, आणि सगळ्या वाटेत दारात दांडा धरून उभा राहिला. पेण गेलं तसा तो आणखीच सावध झाला, मान बाहेर काढून बघत राहिला. मला वाटलं, दादासमोर जायचं म्हणून जीव वरखाली होतोय त्याचा. मी आपली पिशवीचे बंद पिळत बसले.

दारात पोचलो तेव्हा दादा आणि एक कामगार मोठी मूर्ती फळीवर घेऊन पडवीतून शेडमध्ये नेत होते. दादाने आम्हाला बघितलं. दोन्ही हात गुंतलेले, खाली ठेवायला जागा नाही. मला वाटलं, आता दादा तोंड फिरवणार आणि नवरा आल्या पावली परत जाणार. दादा म्हणाला, "जरा हात लावा इकडून, फळी कलते हाय." माझ्या नवऱ्याने पिशवी टाकली आणि फळीखाली खांदा दिला. मूर्ती आत गेली. बाहेर आला तर शर्टाच्या खांद्यावर प्लॅस्टरची पांढरी पट्टी. दादा ती झटकायला गेला तर ती आणखीच पसरली. स्टेशनचा विषय कोणी काढला नाही.

तेवढ्यात मागून आई आली. हात पदराला पुसत, मला डोक्यापासून पायापर्यंत बघत. आणि सगळ्यांसमोर, दादासमोर, कामगारांसमोर, जावयासमोर तिने तेच विचारलं. "करमतं का गो बाय तिथं?"

उत्तर माझ्या जिभेवर होतं. वर्षभर घोटलेलं. पण तोंड उघडलं आणि निघालं, "नाय करमत."

रेडिओ चालू होता तो चालूच राहिला, पण घासणारे हात थांबले. आईचा चेहरा उतरला. मी नवऱ्याकडे बघायचं धाडस करीना. चार माणसांत मी त्याचं नाक कापलं होतं, आणि तेही तो स्वतःहून मला घेऊन आला त्या दिवशी. मी मान खाली घालून त्याच्या बुटांकडे बघत राहिले.

"मलापण नाय करमत, आई," तो म्हणाला.

बस, एवढंच. मग दादाने आतून पाण्याचा तांब्या आणला आणि मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "अरे बसा तरी, का उभ्याउभ्याच नाय करमायचं तुम्हाला?" लोक हसले, हात परत चालू झाले. मी हसले नाही. मी त्याच्याकडे बघत होते. वर्षभर एका खोलीत राहत होतो आम्ही. त्यालाही करमत नव्हतं, हे मला चार माणसांत, हमरापूरच्या पडवीत कळलं. कंपनीत पॅनलसमोर एकटाच बसायचा तो. घरी आला की झोपायचा. जागा झाला की मी फुरंगटलेली. कधी कोणाशी बोलणार होता?

संध्याकाळच्या गाडीने तो परत गेला. मी बाबांकडे गेले. त्यांनी ब्रश माझ्याकडे दिला आणि आपण बाजूला सरकून बसले. पहिल्या मूर्तीला माझाच हात थरथरला, वर्षभरात सवय मोडलेली. पण पुसावा लागला नाही. मग मी जी बसले ती गणपती घरोघर जाईपर्यंत उठलेच नाही म्हणा ना. बाबा शेजारी बसून बुबुळं बघायचे आणि "हं" म्हणायचे. त्या "हं"साठी मी वर्षभर तळमळले होते.

आणि तरी, कसं सांगू, चारआठ दिवसांनी मला तिथेही करमेना. लाज वाटते सांगायला. ज्या गलक्यासाठी जीव टाकत होते तो गलका चारी बाजूंनी होता आणि मी मधे बसून घड्याळ बघायचे. आता फर्स्ट शिफ्ट सुटली असेल. आता तो सायकल लावत असेल. कामगार कशावरून तरी हसायचे आणि हसायचं कशावर ते मला कळायचं नाही, कारण ती चेष्टा मी नसताना सुरू झालेली. माझ्या मागे दिवस थांबले नव्हते तर. आईने एकदा विचारलं, "काय गो, इथं तरी करमतं ना?" मी म्हटलं, तू मला आता हे विचारूच नकोस.

शेवटच्या मूर्ती टेम्पोत चढल्या तशी मी पिशवी भरली. आई म्हणाली, जावई येतील ना घ्यायला. दादा म्हणाला, मी सोडतो. मी म्हटलं, कोणी नको. आईने खूप समजावलं, लोक काय म्हणतील, एकटीच गेली. म्हणू देत. हमरापूरला मी एकटी गाडीत चढले, खिडकीशी बसले. समोरची बाई म्हणाली, "एकटीच?" म्हटलं, "हो, एकटीच." तिने माझ्या मंगळसूत्राकडे बघितलं आणि जागा सरकून दिली.

चाळीत पोचले तर दाराला कुलूप. शेजारच्या काकूंनी किल्ली दिली आणि म्हणाल्या, "बरी आलीस. तुझ्या नवऱ्याने वैताग आणला. घरी असला की टीव्ही केवढ्या मोठ्याने लावायचा, आणि बघायचाच नाही. त्याच्याकडे पाठ करून बसायचा. आणि हल्ली तर घरीच नसतो, नुसत्या डबल करतो." मी खोली उघडली. खिडकीच्या काचेवर बोटभर धूळ. ती मी पुसली नाही. भात टाकला, आमटी केली, आणि दार उघडं ठेवून बसले.

तो आला, दारात थबकला. आत डोकावला, कोणी दुसरं दिसतंय का बघायला. "कोण आलं सोडायला?"

"कोणी नाही. जेवायला बसा."

त्यानंतर सगळं सुरळीत झालं असं नाही. भांडलो, रुसलो, करमलं नाही तेव्हा करमलं नाही. फरक एवढाच की ते आता बोलता यायचं. तो कामावरून येऊन म्हणायचा, "आज नाय करमलं," मी म्हणायचे, "मला पण नाही," आणि मग आम्ही नदीच्या पुलापर्यंत चालत जाऊन यायचो. गणपतीच्या आधी मी दर वर्षी हमरापूरला जायचे. कधी दादा यायचा, कधी हा सोडायचा, कधी माझी मी.

मग दशक संपत आलं तेव्हाची गोष्ट. घरात केबल आली होती. एका सुट्टीच्या दुपारी तो चॅनल बदलत बसला होता आणि मी शेजारी पावटे सोलत होते. एकदम ती गोल खोली दिसली. काच पुसणारा माणूस. मी नवऱ्याचा हात धरला, "थांबा, थांबा. हाच तो." आम्ही दोघं सरसावून बसलो. निरोप गेला, प्रतीक्षा कीजिए आलं. त्याने ताटं मांडली. चमचा सरळ केला. मी आपली लाईटकडे बघतेय, जाते की काय. नाही गेली.

त्याने बोलायला तोंड उघडलं आणि परत मिटलं. मग तो एका ताटातलं जेवला. जेवून उठला, टेबलाला वळसा घालून समोरच्या खुर्चीत बसला आणि दुसऱ्या ताटातलं जेवला. दोन्ही ताटं धुतली. दिवा चालू आहे ना ते बघितलं. खिडकीशी जाऊन उभा राहिला. मागून बाईचा गोड आवाज आला, प्रतीक्षा कीजिए, आणि भाग संपला. नावं वर सरकायला लागली.

माझ्या मांडीवरचे पावटे सांडले. "अहो, कोणी आलंच नाही की त्याला."

"नाय आलं," तो म्हणाला.

"तुम्ही तर म्हणाला होतात आला. कोणी न सांगता आला. तू जा, मी बसतो म्हणाला. कॅन्टीनमध्ये कोणीतरी सांगितलं म्हणून."

तो रिमोट उलटासुलटा करत राहिला. केस पिकले होते त्याचे कानापाशी. "कोणी नव्हतं सांगितलं. कोणाला विचारणार होतो? लोकं हसली असती."

"मग तुम्ही स्वतः तरी..."

"मी झोपलेलो त्या दिवशी. भिंतीकडे तोंड करून." मग टीव्हीकडेच बघत, "दिवाळसणाला पण झोपलेलो. गाडीत. पुढच्या स्टेशनला, जित्याला जाग आली. तिथून रूळ धरून चालत आलो मागं. तुझा भाऊ खरंच होता स्टेशनवर."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. एका डुलकीपायी मी होळी, वटपौर्णिमा, बाबांचा थरथरणारा हात, सगळं त्या खोलीत बसून काढलं होतं. तो दांडा धरून दारात का उभा राहिला होता तेही तेव्हाच कळलं. बोलणार होते, चांगलं खरमरीत बोलणार होते. पण पडद्यावर अजून ती खिडकी होती आणि तिच्यात तो माणूस, पाठमोरा. मला रडूच फुटलं.

"कशाला खोटं सांगितलंत?" मी म्हटलं.

तो खाली वाकून पावटे गोळा करायला लागला. पलंगाखाली गेलेले सुद्धा हात घालून काढले. "तू सारखी दारात जात होतीस," तो म्हणाला. "कोणी येत नव्हतं. मग मीच धाडला एक."